सेवकाई आणि वाढपी

प्रश्न असा आला आहे : ‘सेवा’ आणि ‘सेवकाई’ यांत फरक कोणता, आणि उपासनामंदिर झाडणाऱ्याच्या कामाला ‘सेवकाई’ म्हणता येईल का?

व्याकरणाचा भाग थोडक्यात आटोपतो. ‘पंडित’चे ‘पंडिताई’ होते तसे ‘सेवक’चे ‘सेवकाई’; सेवा ही कृती, तर सेवकाई म्हणजे सेवकपण किंवा सेवकाचे काम. मला खटकतो तो ख्रिस्ती मंडळींत रुळलेला वापर. ‘अमक्यांची सेवकाई फार मोठी आहे’ असे कोणी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात व्यासपीठ, ध्वनिवर्धक आणि श्रोत्यांची संख्या यांखेरीज बहुधा काही नसते. उपदेश करणारा ‘सेवेत’ असतो. आजाऱ्याची उशी सारखी करणारा नुसता ‘मदत करतो’.

बायबलच्या नव्या करारात या शब्दामागे ग्रीक ‘दियाकोनिया’ आहे आणि ती करणारा ‘दियाकोनोस’. (येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग येथे हमखास पुढे केला जातो, तो कितीही हृद्य असला तरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हा शब्द एकदाही येत नाही.) ‘दिया’ म्हणजे मधून आणि ‘कोनिस’ म्हणजे धूळ, म्हणून धुळीतून धावणारा तो दियाकोनोस, ही प्रवचनांतली लाडकी व्युत्पत्ती टिकत नाही. प्राचीन इतिहासकार हेरोडोटसच्या आयोनियन बोलीतल्या ग्रीकमध्ये हे रूप ‘दिएकोनोस’ असे दीर्घ स्वराचे आहे, आणि तो दीर्घ स्वर या फोडीत बसत नाही. घाई करणे, लगबग करणे या अर्थाच्या ‘एन्कोनेओ’ या क्रियापदाशी त्याचे नाते अधिक संभवते. धूळ गेली तरी धावपळ उरतेच.

ही धावपळ मुख्यतः जेवणाच्या मेजाभोवतीची आहे. जॉन कॉलिन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने 1990 साली मांडले की दियाकोनोस म्हणजे मुळात कोणीतरी कामगिरीवर धाडलेला मध्यस्थ, आणि हीनदीन सेवेचा अर्थ आधुनिक काळात त्या शब्दावर चढवला गेला. कॉलिन्स यांनी जमवलेले ग्रीक दाखले भारदस्त आहेत. परंतु लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात शेतातून आलेल्या दासाला धनी ‘माझे जेवण तयार कर आणि कंबर बांधून माझी सेवा कर’ असे सांगतो, तेव्हा तो त्याला कोणत्या वकिलातीवर पाठवत असतो? ‘सेवा कर’साठीचे ग्रीक क्रियापद याच शब्दकुळातले आहे आणि काम वाढण्याचे आहे.

म्हणून माझ्या मते दियाकोनोसला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘वाढपी’ हा आहे. तो ऐकून विद्वान हसतात, हसोत. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडावा. शिष्यांची संख्या वाढत असते, रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी ग्रीक भाषिक यहुद्यांची कुरकूर उठते, आणि या कामासाठी सात जण निवडले जातात. पहिल्या वचनातल्या रोजच्या वाटपाला आणि चौथ्या वचनातल्या ‘वचनाच्या सेवे’ला, म्हणजे उपदेशाच्या कामाला, मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, ‘दियाकोनिया’; म्हणजे प्रेषितांनी सांभाळलेले काम आणि त्या सातांकडे सोपवलेले काम यांत लेखकाने नावाने तरी प्रतवारी केलेली नाही. पुढे त्याच सातांतला स्तेफन दीर्घ भाषण करून रक्तसाक्षी, म्हणजे हुतात्मा, होतो आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो. आता मराठीची गंमत पाहावी. आपल्याकडे अन्न ‘वाढतात’ आणि संख्याही ‘वाढते’. दोन्हींच्या मुळाशी ‘वृध्’ हा एकच धातू आहे असे मी मानतो. शिष्य वाढले, वाढप बिघडले, वाढप सुधारले, आणि सातव्या वचनात शिष्य पुन्हा फार वाढले. ग्रीकमध्ये हा श्लेष नाही हे मान्य. पण अध्यायाची घडण मराठी क्रियापदाला जशी उमगली तशी पुष्कळ भाष्यकारांना उमगलेली नाही, हे मी आग्रहाने म्हणेन.

झाडणाऱ्याचा प्रश्न राहिलाच. त्याच्या कामाला सेवकाई अवश्य म्हणावे. मात्र ‘झाडणे हीसुद्धा सेवकाईच आहे’ असे उदारपणे म्हणू नये. शब्दाचा जन्म मेजापाशी झाला असल्याने त्या वाक्यातला ‘सुद्धा’ उचलून उपदेशाला जोडला, तर वाक्य व्युत्पत्तीला धरून होईल.