क्षेत्ररेषांचे प्रश्न चुकतात, मग इलेक्ट्रिकलला जाऊ की नको?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. सीईटीच्या सराव चाचण्यांत क्षेत्ररेषांची (विद्युत क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषांची) आकृती देऊन 'कोणत्या बिंदूवर विद्युत क्षेत्र जास्त?' असं विचारलं की माझं हमखास चुकतं. बाबा म्हणतात, एवढंही जमत नसेल तर इलेक्ट्रिकलला जाऊ नकोस. काय करू? – एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : एवढ्यावरून शाखा बदलू नकोस. ही चूक पद्धतीतली आहे, थोड्या सरावाने ती जाते.

बहुतेक मुलं बाणाची लांबी किंवा रेषेचा बाक बघून उत्तर देतात. बघायची असते ती रेषांची दाटी. दोन्ही बिंदूंवर पेन्सिलीने सारख्याच लांबीची, समजा 1 सेंमीची, रेघ ओढ आणि तिला किती क्षेत्ररेषा छेदतात ते मोज. जिथे जास्त, तिथे क्षेत्र जास्त. मात्र रेघ क्षेत्ररेषांना काटकोनात हवी. त्या स्थितीपासून ती 60 अंशांनी कलली तर निम्म्याच रेषा हाती लागतात आणि उत्तर उलटं पडू शकतं. दोन रेषांमधली कोरी जागा म्हणजे शून्य क्षेत्र, असंही समजू नकोस. तिथूनही रेषा काढता आली असती.

आता जिथे हुशार मुलंही फसतात ते सांगतो. अशी मोजणी कमी-जास्त सांगते, 'किती पट' ते सांगेलच असं नाही. एका बिंदुप्रभारापासून दुप्पट अंतरावर गेलीस की कागदावर दाटी निम्मी दिसते, पण क्षेत्र प्रत्यक्षात एक चतुर्थांश झालेलं असतं. खऱ्या रेषा चहूबाजूंना गोलावर पसरतात, कागद सपाट असतो. म्हणून पटीचा प्रश्न आला की सूत्रच वापर.

प्रभारांचं गुणोत्तर मात्र रेषा मोजूनच काढायचं. एका प्रभारातून 16 रेषा निघतात आणि दुसऱ्यात 4 शिरतात, म्हणजे प्रभार +4 आणि −1 या प्रमाणात आहेत. शून्य क्षेत्राचा बिंदू इथे दोघांच्या मध्ये शोधू नकोस. तो लहान प्रभाराच्या पलीकडे, दोघांमधल्या अंतराइतकाच दूर असतो. सूत्रात घालून पडताळून बघ.

समविभव रेषा (सारखंच व्होल्टेज असलेले बिंदू जोडणाऱ्या रेषा) दिल्या असतील तर थेट आकडा मिळतो. 10 व्होल्टच्या फरकाला 2 सेंमी अंतर असेल तर सरासरी क्षेत्र 500 व्होल्ट प्रति मीटर, 5 मिमी असेल तर 2000.

बाबांना एक गोष्ट जरूर सांग : ही नजर पुढे खरोखर कामाला येते. कोरडी हवा साधारण 3 किलोव्होल्ट प्रति मिमीला विद्युतरोधकता सोडते, आणि टोकदार किंवा बारीक भागाशी रेषा दाटतात. म्हणून 400 किलोव्होल्टच्या लाइनवर प्रत्येक फेजला एकाऐवजी दोन किंवा चार तारांचा जुडगा असतो आणि इन्सुलेटरच्या टोकाशी गोल कडी बसवतात. आज हे क्षेत्र सॉफ्टवेअर काढून देतं, पण आलेलं चित्र बरोबर आहे की नाही हे इंजिनिअरलाच ओळखावं लागतं.

शाखा ठरवताना सर्किटची गणितं आणि कॅल्क्युलस तुला आवडतं का ते बघ. इलेक्ट्रिकलच्या चार वर्षांत क्षेत्ररेषांपेक्षा त्यांच्याशीच जास्त गाठ पडते.