माया आटली नव्हती, वाटणी चुकली होती

“आयुष्यभर ज्यांच्यासाठी राबले, त्यांच्याविषयीच आता काही वाटेनासे झाले आहे. माझ्यातली माया आटली का?” ही शंका विशेष शिक्षक, परिचारिका आणि दिव्यांग मुलांचे पालकही मला वारंवार विचारतात. बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता असलेल्या मुलांच्या शाळेतील एका मुख्याध्यापिकाबाईंनी ती विचारली, तेव्हा त्यांनी पुरावाही सोबत आणला होता. (त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.) न बोलणाऱ्या एका मुलीने दीर्घ प्रयत्नांनंतर प्रथमच पाण्याचे चित्रकार्ड आपणहून उचलून शिक्षिकेच्या हातात दिले. शिक्षिकेचे डोळे भरून आले. बाईंच्या मनात मात्र शाळेच्या तपासणीचे अपुरे कागद आले.

अशा वेळी नैराश्याची शक्यता आधी पडताळावी लागते. नैराश्याची छाया सहसा घरीदारी सगळीकडेच पडते. बाई नातीबरोबर खळखळून हसत आणि शाळेतला फोन वाजला की मिटत. डॉक्टरांकडून थायरॉईड आणि हिमोग्लोबिनची तपासणीही करून घेतली, त्यात काही निघाले नाही. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ज्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हटले, तिच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सांगितलेल्या तीन खुणा म्हणजे भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारा तुटकपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तिन्ही बाईंमध्ये दिसत होत्या. जागतिक आरोग्य संघटना हिला आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानते, हे ऐकून बाईंना हायसे वाटले. पण नाव कळल्याने ओझे उतरत नाही.

एखादे मूल स्वतःला मारू लागले, की त्याआधी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर काय झाले, याची नोंद विशेष शाळांत ठेवतात. अशाच नोंदींवरून बाईंनी एका मुलाच्या अस्वस्थतेचे मूळ शाळेच्या कर्कश घंटेत शोधले होते. तीच पद्धत स्वतःला लावा, असे मी सुचवले. नोंदींतून निघालेली गोष्ट आम्हा दोघींनाही अनपेक्षित होती: मनाची बधिरता अवघड मुलांमुळे येतच नव्हती, ती पालकांच्या रात्रीच्या फोननंतरच्या सकाळी येत होती. “आमच्यानंतर याचे कोण?” या प्रश्नाला बाई वर्षानुवर्षे “मी आहे ना” असे उत्तर देत आल्या होत्या. साठीकडे झुकलेल्या एका बाईने कितीएक मुलांच्या उरलेल्या आयुष्याची हमी घेतली होती, आणि ती पाळता येणार नाही हे त्यांना मनोमन ठाऊक होते. माझ्या मते त्यांना दमवत होती ती ही हमी; कामाचे तास त्यामानाने दुय्यम होते.

म्हणून सुट्टीपेक्षा वाटणीवर भर दिला. रात्रीचे फोन उपमुख्याध्यापिका आणि दोन अनुभवी पालकांनी आळीपाळीने घ्यायचे ठरले, आईवडिलांनंतर मुलांच्या कायदेशीर पालकत्वाचा आणि निवासाच्या सोयीचा विचार पालकगटाने हाती घेतला, आणि मुख्याध्यापक झाल्यापासून सुटलेला वर्गातला एक तास बाईंनी परत मिळवला. (हा तास बहुतेकांना चैन वाटतो, माझ्या लेखी तो उपचाराचा भाग आहे.)

काही महिन्यांनी त्या तासात एका मुलाने बुटाची नाडी बांधली आणि बाईंना रडू आले. सध्या मात्र आमच्या भेटींत निराळाच विषय चालू आहे: पालक आता परस्पर उपमुख्याध्यापिकांना फोन करतात, याचे त्यांना वाईट वाटते.