नियास बेटावरच्या जुन्या लाकडी घरांचे खांब काँक्रीटमध्ये बसवले तर भूकंपात जास्त टिकतील का?
नाही, उलट घराची खरी ताकदच जाईल. इंडोनेशियातल्या या ओमो हाडा घरांचे खांब जमिनीत पुरलेले नसतात, नुसते दगडांवर टेकवलेले असतात आणि मधे तिरके जाडजूड ओंडके, खिळे नाहीत, सगळं खाचा-खुंट्यांवर, त्यामुळे हादरा बसला की घर करकरतं, हलतं, जरा सरकतंही पण सहसा पडत नाही. 28 मार्च 2005 च्या 8.6 च्या भूकंपात नियासच्या गुनुंगसितोली शहरातल्या काँक्रीटच्या इमारती कोसळल्या आणि ओमो हाडांपैकी बरीच घरं उभी राहिली. फक्त लाकूड कुजलेलं असेल तर हे सगळं विसरा. आधी छप्पर गळतंय का बघा, मग खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर तेवढा भाग बदला, तोही लाकडानेच.