दहा मेंढ्या वाढवाव्यात, की साठ मेंढ्यांची पाठ भरावी?

पारनेरच्या पठारावरून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात ६० मेंढ्या. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून कोकणात उतरणं बंद झालं, म्हणून हिवाळा आता गावातच काढावा लागतो. दिवाळीनंतर हाती १,४०,००० रुपये आहेत. दीर म्हणतात, ११,००० ला एक मिळतेय, दहा मेंढ्या आणू. भाऊ म्हणतो, मुदत ठेव करा. ताईंना थंडीआधी भुसा आणि पेंड भरून ठेवावी असं वाटतं, पण घरात सगळे विचारतात, "खाऊन संपणाऱ्या गोष्टीत पैसा कशाला घालायचा?"

ताई, गेल्या हिवाळ्यात १४ कोकरं पहिल्या दहा दिवसांत गेली आणि व्यायच्या सुमारास ३ मेंढ्या गेल्या, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. माझ्या मते सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. तुम्हीच दिलेल्या भावाने कोकरू ६,००० चं धरलं तर ८४,००० होतात आणि मेंढ्यांचे ३३,०००. म्हणजे १,१७,००० रुपये गेले, आणि दीर आणू म्हणतात त्या दहा मेंढ्यांची किंमत १,१०,००० आहे. नवीन दहा आणल्या तर ७० तोंडांना हिवाळाभर पुरवायला तुमच्याकडे ३०,००० उरतील. जुन्या साठांचंच पोट भरत नसताना हे मला पटत नाही.

पूर्वी पावसाळा सरला की कळप घाट उतरायचा, भातकापणी झालेल्या खाचरांत बसायचा, चारा आणि धान्य दोन्ही मिळायचं. आता डिसेंबरात डोंगरावरचं गवत वाळून काडी होतं, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्या मेंढ्या गाभण असतात. तुम्ही नर ऑगस्टच्या मध्यावर सोडला आहे. मेंढी साधारण १४७ ते १५० दिवसांनी विते, म्हणजे पहिली वीण जानेवारीच्या मध्यावर येईल. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हा चारा कमी पडला तर मेंढी आपल्या अंगावरचं झिजवून कोकरू वाढवते. मग कोकरू हलकं जन्मतं, सडाला दूध येत नाही, आणि थंडीच्या पहिल्याच रात्री ते गारठतं. जुळं असेल तर आईच खाणं सोडते आणि कळपामागे रेंगाळत बसते.

म्हणून एक पैसाही खर्चण्याआधी प्रत्येक मेंढीच्या पाठीवर हात ठेवा. नुसतं बघून कळत नाही, लोकर हाडं झाकते. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर बोटं दाबा. मणके टोकदार लागले आणि बाजूच्या हाडांखाली बोटं सहज शिरली तर ती खंगलेली. मणके गोलसर लागले आणि बाजूची हाडं जोर दिल्यावरच कळली तर ती बरी. पशुवैद्यक याला १ ते ५ गुण देतात. व्यायच्या वेळी तीनच्या आसपास असावी, अडीचच्या खालचीला खडूची खूण करा. पाचाकडे झुकलेली, म्हणजे फार लठ्ठ मेंढीही चांगली नाही, त्यामुळे सगळ्यांना सरसकट पेंड घालून पैसा उडवू नका.

समजा २४ मेंढ्या बारीक निघाल्या. त्यांना १ डिसेंबरपासून ४५ दिवस रोज २५० ग्रॅम मका भरडा आणि शेंगदाणा पेंडीचं मिश्रण द्या, म्हणजे २७० किलो. बाकी ३६ ना शेवटचे २० दिवस २०० ग्रॅम, म्हणजे १४४ किलो. व्याल्यावर सगळ्यांना दीड महिना ३०० ग्रॅम धरलं तर ८१० किलो. तुम्ही ३२ रुपये किलो लिहिलाय, त्याने सुमारे ३९,२०० होतात. चरून आल्यावर रात्री अर्धा किलो सोयाबीनचा भुसा, ९० दिवस, म्हणजे २,७०० किलो. ५ रुपयांनी १३,५००. एकूण ५३,००० च्या आत. भरडा मात्र ५० ग्रॅमपासून सुरू करून दहा दिवसांत वाढवा. एकदम भरपूर धान्य पडलं तर पोटात आंबून मेंढी दगावते.

गेल्या वर्षीचं निम्मं नुकसान टळलं तरी ५८,५०० वाचतात. अंगाने भरलेल्या मेंढीचं कोकरू विक्रीला जास्त वजन देतं ते वेगळं. १,४०,००० ची मुदत ठेव ७ टक्के धरली तर वर्षाला ९,८०० देईल. भावाचा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्या घरात आधी गळती बंद करायला हवी.

मेंढ्यांच्या वाड्याला वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री, जंतनाशक, लशी आणि विमा यांसाठी १७,००० बाजूला ठेवा. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि थंडीने जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात मेंढ्यांचे कळपच्या कळप गारठले, हे तुमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. भिजलेली लोकर आणि वारा एकत्र आले की खाल्लेलं सगळं ऊब राखण्यातच जातं. म्हणून कातरणीही आता करू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात पशुपालकाचा विमा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कानातल्या बिल्ल्यांसह अर्ज करा.

उरले ७०,०००. त्यातले २०,००० बचत खात्यात हाताशी असू द्या आणि ५०,००० सहा महिन्यांच्या ठेवीत टाका. दिरांना सांगा, कळप वाढवायचाच आहे, पण तुमच्याच चांगल्या मेंढ्यांची मादी कोकरं ठेवून. बाहेरच्या कळपाचा रोग त्यांच्यासोबत येत नाही. पुढच्या वर्षी चाऱ्यासाठी ठेव मोडू नका, पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड काढा. वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं.

भुसा मात्र या आठवड्यातच भरा. मळणी उरकली की तो महाग होतो. आणि बारीक मेंढ्या २४ ऐवजी ४० निघाल्या तर मला लगेच कळवा, ठेवीचा आकडा आपण कमी करू.