क्लब तोट्यात राहूनही त्याची किंमत वाढत का जाते?

तुमचा प्रश्न असा आहे: एके दिवशी बातमी येते की अमुक क्लबाने एका खेळाडूसाठी वीस-बावीस कोटी युरो मोजले; काही महिन्यांनी कळते की तोच क्लब तोट्यात आहे; आणि पुढे कोणीतरी असाच एखादा क्लब अवाच्या सवा किमतीला विकत घेतो. मग या व्यवसायात पैसा नेमका कोण कमावतो, आणि खेळाडूवर घातलेली रक्कम जर्सी विकून वसूल होते हे खरे आहे का?

मी लेखापरीक्षणाचे काम करतो. एखाद्या क्लबाचे हिशेब तपासण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, पण त्यांचे प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल वाचण्याची खोड मला बऱ्याच वर्षांपासून आहे. त्या वाचनातून माझे एक मत पक्के होत गेले. क्लब नफ्यात राहील की नाही, हे त्याच्या मैदानावरच्या यशापेक्षा तो ज्या लीगमध्ये खेळतो तिचे दार उघडे आहे की बंद, यावर जास्त ठरते.

जर्सीचा मुद्दा आधी निकालात काढतो. जर्सी तयार करणारी कंपनी क्लबाला दरवर्षी एक ठरलेली रक्कम देते आणि विक्रीतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवते. क्लबाच्या हाती विक्रीमागे लहानसा हिस्साच येतो. मँचेस्टर युनायटेड आणि आदिदास यांच्यात २०१४ मध्ये जाहीर झालेला करार दहा वर्षांसाठी किमान ७५ कोटी पौंडांचा होता. नवा तारा संघात आला म्हणून ही किमान रक्कम त्या वर्षी बदलत नाही. त्याच्या नावाच्या लाखभर जर्सी खपल्या तर आनंद प्रामुख्याने कंपनीला होतो, आणि क्लबाला त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या करारासाठी बोलणी करताना होतो.

उत्पन्नाच्या वाटा मुख्यतः तीन आहेत: तिकिटे, प्रक्षेपण हक्क आणि प्रायोजक. त्यांपैकी दुसऱ्या वाटेने साऱ्या खेळाचे गणित बदलले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१६ ते २०१९ या तीन हंगामांचे केवळ देशांतर्गत थेट प्रक्षेपणाचे हक्क ५१३.६ कोटी पौंडांना विकले. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये तर हा ओघ आणखी मोठा आहे, आणि तो किती मोठा आहे हे आपल्याला कळते ते ग्रीन बे पॅकर्स या एका संघामुळे. या संघाची मालकी एखाद्या धनाढ्य माणसाकडे नसून लाखो सामान्य भागधारकांकडे आहे, त्यामुळे तो दरवर्षी आपले आकडे जाहीर करतो. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात लीगच्या सामाईक उत्पन्नातून त्याच्या वाट्याला ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. हा वाटा बत्तीसही संघांना सारखाच मिळत असल्याने, एका संघाचा आकडा कळला की उरलेल्या एकतीस संघांचाही तो कळतो. घरच्या मैदानावरचे एकही तिकीट विकण्यापूर्वी प्रत्येक मालकाच्या खात्यात एवढी रक्कम पडणार हे ठरलेले असते.

मग इतका पैसा येऊनही युरोपातले फुटबॉल क्लब तोट्यात का जातात? कारण तिथे लीगचे दार दोन्ही बाजूंनी उघडे आहे. प्रीमियर लीगच्या वीस संघांपैकी शेवटचे तीन दरवर्षी खालच्या श्रेणीत जातात, आणि वरच्या चार-पाच संघांना चॅम्पियन्स लीग या युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेतल्या घबाडाची वाट मोकळी होते. खाली जाण्याची भीती आणि वर जाण्याची हाव यांच्यामध्ये सापडलेला मालक मिळालेला प्रत्येक रुपया पगारात ओततो. शेजारचा क्लबही तेच करतो. परिणामी सगळ्यांचे पगार वाढतात आणि गुणतालिकेतले क्रमांक मात्र जवळपास जिथल्या तिथे राहतात. प्रक्षेपणाचा करार दुप्पट झाला की दोन-तीन हंगामांत पगारही त्याला गाठतात. शिल्लक म्हणून काही मागे पडावे अशी या रचनेत सोयच नाही.

लीड्स युनायटेड हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे, आणि ते नेहमी दिले जाते ते योग्यच आहे. या क्लबाने पुढच्या पंचवीस वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर सहा कोटी पौंड उभे केले. २००१ मध्ये तो चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. त्यानंतर त्या स्पर्धेत प्रवेश मिळेनासा झाला, कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले, म्हणून चांगले खेळाडू एकामागून एक विकले गेले. २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि २००७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. यातून इतरांनी धडा घेतला असेल असे समजू नका. बार्सिलोनाने २०२२ मध्ये स्पॅनिश लीगच्या प्रक्षेपणातून मिळणाऱ्या आपल्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकून टाकला. उद्याचे उत्पन्न आज खर्च करण्याचा तो तसाच, फक्त अधिक सुटाबुटातला प्रकार होता.

आता त्या बावीस कोटींकडे येतो, कारण गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. पॅरिस सेंट-जर्मेनने २०१७ मध्ये नेमारसाठी बार्सिलोनाला २२.२ कोटी युरो दिले आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. वाचणाऱ्याला वाटते की त्या वर्षी क्लबाच्या खर्चात २२.२ कोटींची भर पडली. हिशेबात तसे होत नाही. खेळाडूची नोंदणी ही अमूर्त मालमत्ता मानली जाते आणि तिची किंमत कराराच्या वर्षांवर सारखी विभागून खर्ची टाकली जाते. याला अमॉर्टायझेशन म्हणतात, आणि यंत्रावरच्या घसाऱ्याचाच तो चुलतभाऊ आहे. म्हणजे दरवर्षी खर्चात दिसणार ४.४४ कोटी, आणि पगार अर्थातच वेगळा. समजा, तीन वर्षांनी अशा खेळाडूला दहा कोटींना विकले. लोक म्हणतील की बारा कोटी बुडाले. पुस्तकी किंमत तोवर ८.८८ कोटींवर आलेली असल्याने त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात मात्र १.१२ कोटींचा नफा दिसेल. दोन्ही विधाने खरी आहेत. एक रोख रकमेबद्दल आहे, दुसरे हिशेबाच्या वर्षाबद्दल.

याच नियमाची एक विचित्र बाजू अशी की क्लबाच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य असते, कारण त्याला कोणाकडून विकत घेतलेलेच नसते. त्यामुळे तो विकला की आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते. चेल्सीने २०२३ मध्ये मेसन माउंटला मँचेस्टर युनायटेडकडे ५.५ कोटी पौंडांच्या मूळ रकमेला सोडले, तेव्हा लहानपणापासून तिथे घडलेला खेळाडू गेला म्हणून चाहते हळहळले. ताळेबंद सांभाळणाऱ्याला मात्र त्याच कारणासाठी तो विकायला सर्वांत सोयीचा होता. प्रेक्षकांना जे खेळाडू आपले वाटतात तेच सर्वांत आधी विकावेसे वाटावेत, अशी हिशेबाची पद्धत मला दुसऱ्या कुठल्या व्यवसायात आढळलेली नाही.

करार लांबवला की वार्षिक खर्च कमी दिसतो, हेही चेल्सीच्या नजरेतून सुटले नाही. एन्झो फर्नांडेझला जानेवारी २०२३ मध्ये १०.६८ कोटी पौंडांना घेताना त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार झाला. साडेआठ वर्षांत विभागले तर वर्षाला सुमारे सव्वा कोटी पडतात, पाच वर्षांत विभागले तर दोन कोटींहून जास्त. त्यानंतर युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनेही, ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. तोवर झालेले करार सुटले ते सुटलेच. त्याच क्लबाने २०२२-२३ च्या हिशेबात आपल्या आवारातली दोन हॉटेले स्वतःच्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकलेली दाखवली. या कसरती कशासाठी, तर तोट्याच्या मर्यादेसाठी. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार मालकाने भांडवल घातले तरी तीन वर्षांचा एकत्रित तोटा १०.५ कोटी पौंडांच्या पुढे जाता कामा नये. एव्हर्टनचा तोटा या मर्यादेहून १.९५ कोटींनी जास्त निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे दहा गुण कापले गेले आणि अपिलानंतर ही शिक्षा सहा गुणांवर आली. हिशेबनिसाची चूक थेट गुणतालिकेत उतरते, हे पाहून माझ्या पेशातल्या माणसाला थोडे धास्तावायला होते.

बंद दाराच्या लीगमध्ये चित्र निराळे दिसते. एनएफएलमधून कोणी खाली जात नाही. शेवटच्या क्रमांकावरच्या संघाला उलट पुढच्या वर्षी नवोदितांमधून सर्वांत आधी निवड करण्याचा मान मिळतो. संघाच्या पगारांवर १९९४ पासून मर्यादा आहे. ती तेव्हा ३.४६ कोटी डॉलर होती आणि २०२५ मध्ये २७.९२ कोटी झाली. आकडा वाढला तो लीगचे उत्पन्न वाढले म्हणून, आणि उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपासच राहावा असा करार आहे म्हणून. शेजाऱ्याने वेड्यासारखा खर्च केला तर आपल्यालाही करावा लागेल, ही भीतीच इथे उरत नाही. आयपीएलही याच जातीची आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडू राखण्यावर आणि लिलावात घेण्यावर मिळून १२० कोटी रुपयेच खर्च करता येत होते. ऋषभ पंतला लखनौने दिलेले २७ कोटी त्या १२० मधलेच होते, वरचे नव्हते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क मात्र ४८,३९० कोटींना गेले होते. उत्पन्न मोकळे आणि मुख्य खर्चाला कुलूप, अशी ही मांडणी आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी, आपल्या जागा कायमच्या राखणाऱ्या सुपर लीगची घोषणा केली आणि प्रेक्षकांच्या संतापामुळे दोन-तीन दिवसांत ती बारगळली; माझ्या मते तो युरोपातले उघडे दार आतून लावून घेण्याचाच प्रयत्न होता.

म्हणून क्लबाची किंमत आणि क्लबाचा नफा या दोन गोष्टी वेगळ्या धरा. वॉशिंग्टनचा एनएफएल संघ १९९९ मध्ये ८० कोटी डॉलरना विकला गेला. मधल्या काळात त्याने मैदानावर फार काही केले नाही, तरीही २०२३ मध्ये तो ६०५ कोटींना गेला. घेणाऱ्याने मोल दिले ते बत्तिसांतल्या एका जागेचे, कारण तेहेतिसावी जागा इतरांच्या संमतीशिवाय निर्माण होत नाही. शिवाय अमेरिकेच्या करकायद्यात २००४ पासून संघाची जवळजवळ सगळी खरेदी किंमत पंधरा वर्षांत खर्ची टाकता येते. खिशातून काही जात नसताना कागदावर तोटा दिसतो आणि मालकाच्या इतर उत्पन्नावरचा कर कमी होऊ शकतो. ‘आमचा संघ तोट्यात आहे’ असे एखादा अमेरिकन मालक म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही, पण तो कुठला तोटा म्हणतो हे विचारायला हवे.

मोठ्या आकड्यांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगा. बेसबॉलपटू शोहेई ओहतानीचा २०२३ मधला करार दहा वर्षांचा आणि ७० कोटी डॉलरचा म्हणून गाजला. त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळायचे आहेत; खेळत असताना वर्षाला मिळतात ते वीस लाख. उशिरा मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल कमी असते, म्हणून लीगच्या हिशेबात हा करार वर्षाला सात कोटींचा न धरता सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो.

कोण कमावतो, याचे माझे आवडते उत्तर सिल्ना बंधूंचे आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एबीए या बास्केटबॉल लीगचे चार संघ एनबीएमध्ये घेतले गेले आणि दोन संघांना बाहेर ठेवले गेले. त्यांपैकी केंटकीच्या मालकाने ३३ लाख डॉलर घेऊन विषय संपवला. सेंट लुईसच्या संघाचे मालक असलेल्या सिल्नांनी सुमारे २२ लाखांवर समाधान मानले, पण सोबत एक कलम लिहून घेतले: आत गेलेल्या चारही संघांच्या टीव्ही उत्पन्नाचा सातवा हिस्सा, कायमचा. त्या काळी एनबीएला टीव्हीतून फारसे काही मिळत नसल्याने ते कलम कोणाला जड वाटले नाही. पुढच्या साडेतीन दशकांत त्यातून त्यांना सुमारे ३० कोटी डॉलर मिळाले, आणि २०१४ मध्ये हा हक्क बहुतांशी सोडवून घेण्यासाठी एनबीएला आणखी ५० कोटी मोजावे लागले. त्यांच्या संघाने १९७६ नंतर एकही सामना खेळला नाही, त्यामुळे त्यांना कोणाला पगार द्यावा लागला नाही.