कॅमेऱ्यात ११३, काट्यावर ९५

प्रश्न : राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून बेळगावला येताना माझी कार ताशी ११३ किमी वेगाने होती, अशी नोटीस फोटोसह आली आहे. स्पीडोमीटरचा काटा ९५ वर होता. दंड भरून मोकळं व्हावं का? नोटीस कन्नडमध्ये आहे. — एक वाचक, निपाणी

उत्तर : आताच भरू नका. दंड भरला की प्रकरण मिटलं. मग यंत्र बरोबर होतं का, हे विचारायला जागा उरत नाही.

स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवेल असाच बनवतात, कमी नाही. म्हणजे काटा ९५ वर होता, तर खरा वेग त्याहून जास्त नसावा. मात्र मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील, तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो; मग हा मुद्दा काढूच नका.

आता फोटो नीट पाहा. शेजारच्या लेनमध्ये दुसरं वाहन आहे का? कॅमेऱ्यासोबत वेग मोजणाऱ्या रडारचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा पसरतो. त्यात ट्रक आला की त्याचं परावर्तन कारपेक्षा जोरकस असतं आणि त्याचा वेग तुमच्या नावावर लागू शकतो. दुसरी शंका कोनाची. रडार रस्त्याकडे तिरपं पाहतं, म्हणून २० अंशांच्या कोनात ताशी १०० किमीचे ९४ च मोजले जातात. ही तूट यंत्र हिशेबाने भरून काढतं. खांबावर यंत्र सरकून कोन १० अंश झाला आणि सेटिंग २० चीच राहिली, तर १०० ची गाडी १०५ ची दिसते. पण ९५ चे ११३ व्हायला १९ टक्के फरक लागतो, तो एवढ्या कोनातून येत नाही. तेव्हा आधी ट्रक शोधा.

वेळ छापलेले दोन फोटो असतील तर हिशेब घरीही होतो. समजा दोन फोटोंत अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे. तेवढ्यात ११३ च्या वेगाने गाडी १५.७ मीटर पुढे जाते, ९५ ने १३.२. फरक अडीच मीटरचा, म्हणजे साधारण लहान कारच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराएवढा.

खरा जोर कागदांत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ प्रमाणे यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं अचूकतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. कॅमेऱ्याच्या टापूआधी इशाऱ्याचा फलकही हवा. १ जुलै २०२५ पासून वेगमापक रडारला वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याची पडताळणी आणि शिक्काही लागतो. फोटोसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावं लागणारं प्रमाणपत्र मागा. जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं.

हे सगळं माहिती अधिकारात मागवा. फी १० रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून गाऱ्हाणं न मांडता थेट मागा : यंत्राचा अनुक्रमांक, त्या दिवशी लागू असलेलं प्रमाणपत्र, कोनाची नोंद, फलकाची जागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात. तोवर नोटिशीवरची मुदत चुकवू नका, लेखी हरकत आधीच नोंदवून पोच घ्या. संविधानाच्या कलम ३५० मुळे ही हरकत, म्हणजे तक्रारअर्ज, मराठीतही देता येते. तरी कन्नड भाषांतर जोडलेलं बरं, टेबलावर कागद अडत नाही. कोर्टात मात्र कन्नड किंवा इंग्रजी लागेल, तिथे वकील घ्या.

प्रश्न : नोटिशीवर नंबर माझा आहे, फोटोतली गाडी माझी नाही. — एक वाचक, खानापूर

उत्तर : कॅमेरा ८ आणि इंग्रजी बी यांत गोंधळतो, शून्य आणि ओ यांतही. फोटो मोठा करून पाटी अक्षर-अक्षर वाचा. नंबर वेगळा निघाला, तर आरसीची प्रत आणि गाडीचे पुढून-मागून फोटो जोडून हरकत घ्या. पाटीवर खरंच तुमचाच नंबर असेल तर बनावट पाटीचा संशय येतो. मग त्या दिवसाचा फास्टॅगचा उतारा काढा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.