वाचक विचारतात: ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणणाऱ्या मित्राचं काय करायचं?

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण एका नॅशनल पार्कला गेलो होतो, एका दिवसात जेवढं होईल तेवढं बघून टाकायचं असा प्लॅन. दोघं सुसाट पुढे, एक जण दर वळणावर फोटो काढत थांबलेला आणि मी नि माझी मैत्रीण सगळ्यात मागे. आम्ही धापा टाकत पोचलो रे पोचलो की पुढचे दोघं ‘चला’ म्हणून उठायचे, म्हणजे बसायचं त्यांनी आणि चालायचं आम्ही. शेवटी धबधबा राहिलाच, अंधार पडता पडता पार्किंगमध्ये आलो आणि परत येताना गाडीत कुणी कुणाशी धड बोललं नाही. या लोकांबरोबर परत जावं का?
– मागून येणारी

उत्तर: जा गं, पण जायच्या आधी दोन गोष्टी ठरवून जा. ‘बसायचं त्यांनी आणि चालायचं आम्ही’ हे वाचून मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली, कारण मी एकेकाळी त्या पुढच्या दोघांतली होते. एकदा आम्ही तिघं गप्पांच्या नादात पुढे निघून गेलो, वाटेत एक फाटा होता तिथे मागच्या मैत्रिणीसाठी थांबावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि तासाभराने शोधत मागे आलो तर ती त्या फाट्यावरच्या दगडावर बसलेली, बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले आणि बाटलीतलं उरलेलं पाणी झाकणात ओतून एकेक झाकण पीत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती फक्त ‘कुठली वाट ते कळलं नाही’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमचा नियम झाला, सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. सुरुवातीला फास्ट मंडळी कुरकुरतात, मग त्यांनाही आजूबाजूचं दिसायला लागतं. आणि फाटा आला की सगळे येईपर्यंत थांबायचं, शेवटचा आला की त्याला बसू द्यायचं, पाणी पिऊ द्यायचं, तो म्हणेल तेव्हाच उठायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळेचा हिशोब, आणि खरी भांडणं इथूनच सुरू होतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा आडाखा सांगितला होता, तो आजही वापरतात: 5 किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 12 किलोमीटरची वाट आणि 600 मीटर चढ असेल तर साधारण साडेतीन तास, पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. तुमच्या पाच जणांत एक फोटोवाला आहे, त्यामुळे सरळ दुप्पट धर, सात तास. आता सकाळी दहाला गेटवर पोचून तुम्ही दोन पॉइंट आणि वर धबधबा असं ठरवलं असणार, मग तो राहणारच होता, त्यात मागच्या दोघींचा काही दोष नाही.

म्हणून निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा. ठिकाण नाही, वेळ. ‘धबधबा आला की फिरू’ असं म्हटलं की धबधबा येईपर्यंत ‘अजून पाचच मिनिटं’ चालू राहतं. घड्याळात दोन वाजले की जिथे असाल तिथून मागे, मग धबधब्याचा आवाज ऐकू येत असला तरी. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये तर सगळं उलटं असतं, आधी उतार आणि मग चढ, सकाळी गार हवेत उड्या मारत खाली जायचं आणि दुपारी उन्हात दमलेल्या पायांनी तेच सगळं वर चढायचं. तिथे उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा असं सांगतात, आणि वरच्या कड्यापासून नदीपर्यंत जाऊन एकाच दिवसात परत यायचा प्रयत्न करू नका असंही पार्कवाले सांगतात.

फोटोवाल्याला पहाटेचा पहिला तास देऊन टाका, उजेड तेव्हाच तिरपा आणि छान असतो, त्या तासात कुणी त्याला घाई करायची नाही. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तसेही सगळे फोटो सारखेच येतात (हे त्याला मी सांगितलं असं सांगू नकोस).

प्रश्न: आत रेंज नसते, तर मोबाईलवर मॅपच्या भरवशावर जावं का?
– हरवलेला

उत्तर: मॅप घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा आणि आत गेल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज नसली की फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी दुपारपर्यंत उतरते. फ्लाइट मोडमध्येही बहुतेक फोनचा जीपीएस चालतो, कारण तो सिग्नल उपग्रहाकडून येतो, टॉवरशी त्याचा संबंध नाही. तरी सुरुवातीच्या बोर्डावर नकाशा असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, आणि कुठे जाताय, कधी येणार हे बाहेर कुणाला तरी सांगून जा.

प्रश्न: प्राणी दिसला तर किती जवळ जाऊन सेल्फी काढता येईल? मित्र म्हणतो, शांत उभा असेल तर काही करत नाही.
– सेल्फीवाली

उत्तर: मित्राला आधी प्राण्याकडे पाठ करून उभं राहायची हौस का आहे ते विचार. अमेरिकेतला यलोस्टोन हा 1872 मध्ये झालेला जगातला पहिला नॅशनल पार्क, तिथला नियम असा की अस्वल आणि लांडग्यांपासून किमान 91 मीटर आणि बायसनसारख्या प्राण्यांपासून किमान 23 मीटर लांब राहायचं. बायसन चरताना अगदी सुस्त वाटतो, पण धावायला लागला की माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. प्रत्येक पार्कचं अंतर वेगळं असतं, गेटवर विचारून घ्या. ते आठवत नसेल तर हात पूर्ण लांब कर, अंगठा वर कर, एक डोळा मीट, अंगठ्याआड अख्खा प्राणी झाकला गेला पाहिजे. कान किंवा शेपूट बाहेर दिसतंय म्हणजे तू फार जवळ आहेस, हळूहळू मागे हो. आणि तो चरायचं थांबून तुझ्याकडे बघायला लागला तर अंगठ्याचं गणित करत बसू नकोस, निघ.

प्रश्न: एवढं सुंदर पाणी समोर असतं आणि पायसुद्धा बुडवायचा नाही, वाट सोडायची नाही, हे अती नाही का?
– पाण्यावेडा

उत्तर: मलाही आधी अतीच वाटायचं. पण क्रोएशियाच्या प्लिटवित्से नॅशनल पार्कमध्ये 16 तळी एकाखाली एक आहेत आणि त्यांच्यामधले बांध कुणी बांधलेले नाहीत. पाण्यातला चुना मॉस, शेवाळ, बॅक्टेरिया यांच्यावर साचत साचत ते वाढतात, तेही वर्षाला साधारण सेंटिमीटरभर. त्यावर रोज हजारो पाय पडले तर तळीच राहणार नाहीत, म्हणून तिथे पोहायला बंदी आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आर्चेस पार्कात जमिनीवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसतो, वाळकी माती वाटते पण ती जिवंत असते, तीच वाळू धरून ठेवते. एकाच्या बुटाखाली ती चुरली की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आणि एकाच्या पावलांचा ठसा दिसला की मागचे पाच जण तीच वाट धरतात, ते वेगळंच.

प्रश्न: फळांच्या साली जंगलात टाकल्या तर खतच होतं ना?
– एक वाचक

उत्तर: संत्र्याची साल महिनोन्‌महिने तशीच पडून असते, आणि त्याआधी कुणीतरी प्राणी ती खायला वाटेवर यायला शिकतो, मग माणसांच्या सॅकमध्ये तोंड घालायला शिकतो. पिशवीत भरून परत आणा.

प्रश्न: ग्रुपमधला एक जण दिवसभर स्पीकरवर गाणी लावतो. प्राणी तर सोडाच, पक्षीही दिसला नाही.
– कान किटलेला

उत्तर: सकाळीच त्याला सांगा की सगळ्यांचं वजन वाटून घेतोय, आणि तो स्पीकर तुमच्या सॅकमध्ये टाका. सगळ्यात खाली, रेनकोटच्याही खाली.